जुने भरण काढल्यानंतर दाढेची पुनर्रचना

मूल सहा वर्षांचे झाले म्हणजे त्याच्या जबड्यात, दुधाच्या दाढांच्या मागे, एक नवी दाढ डोके वर काढते. ती कोणत्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाही. त्यामुळे तिच्या आगमनापूर्वी एखादा दात हलत नाही की पडत नाही, आणि घरातील मंडळींच्या ध्यानातही ती सहसा येत नाही. पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच दाढ समजतात व ती किडली तरी ‘आज ना उद्या पडायचीच आहे’ म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः ही पहिली कायमची दाढ होय. तिच्या जागी पुन्हा दुसरी दाढ यावयाची नसते. माणूस सत्तर-पंचाहत्तर वर्षे जगला, तर या एकाच दाढेने जवळजवळ सर्व आयुष्यभर अन्न दळावे अशी निसर्गाची अपेक्षा असते.

सर्वांत आधी येणारी, खोल खाचांची आणि मुलाला नीट घासता न येणारी म्हणून हीच दाढ किडीस लवकर बळी पडते. साहजिकच भरणही तिच्यातच अधिक वेळा घातले जाते. परंतु कोणतेही भरण दातासारखे चिरकाल टिकत नाही. काही वर्षांनी ते झिजते, फुटते किंवा त्याच्या कडेने नवी कीड शिरते, आणि ते काढून टाकावे लागते. त्या वेळी दंतवैद्यापुढे व रुग्णापुढे प्रश्न उभा राहतो, की आता या दाढेचे काय करावयाचे? पुन्हा भरण घालावे, वरून आच्छादन बसवावे, की सबंध टोपी चढवावी? या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले जाते, याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत केला आहे.

दाढेची घडण

दाढेच्या दृश्य भागावर दंतवल्काचे आवरण असते. यालाच दंतवैद्य एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. दंतवल्काचे तसे नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येताच नाहीशा होतात. त्यानंतर गेलेले दंतवल्क शरीर पुन्हा निर्माण करू शकत नाही.

दंतवल्काच्या आत दंतिन असते. त्यात खनिजाचे प्रमाण सुमारे ७० टक्के असून उरलेला भाग तंतुमय प्रथिन व पाणी यांचा असतो. त्यामुळे ते दंतवल्कापेक्षा मऊ, परंतु अधिक लवचीक असते. दंतवल्क काचेसारखे कठीण व ठिसूळ. दंतिन त्याच्याखालची उशी. ही उशी किडीने पोखरली की वरचे दंतवल्क निराधार होते व एखाद्या दिवशी साध्या घासानेही ढासळते. दंतिनाच्या पोटात रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी भरलेला मगज असतो. मगज जिवंत असेतो तो आतल्या बाजूने थोडे थोडे नवे दंतिन घालून स्वतःचे रक्षण करीत असतो.

दाढेच्या आकारालाही महत्त्व आहे. खालच्या पहिल्या दाढेवर सामान्यतः पाच उंचवटे असतात, वरच्या पहिल्या दाढेवर चार मोठे. या उंचवट्यांना पुढच्या व मागच्या बाजूस एकेक आडवा कंगोरा जोडतो. लाकडी पिंपाच्या फळ्यांना लोखंडी पट्टी जशी आवळून धरते, तसे हे कंगोरे गालाकडील व जिभेकडील भिंतींना एकत्र धरून ठेवतात. पट्टी तुटली की फळ्या फाकू लागतात. हे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पुढील सर्व विवेचन सुगम होईल.

भरण निकामी का होते?

भरण म्हणजे दाताच्या पोटात बसवलेला परका पदार्थ. चहाचा घोट घेताना दात तापतो, पाठोपाठ गार पाणी प्यायल्यावर तो थंड होतो. प्रत्येक वेळी दात व भरण प्रसरण-आकुंचन पावतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. पारा, चांदी, कथील व तांबे यांच्या पारदमेलाचे, म्हणजे अमलगमचे प्रसरण दाताच्या सुमारे दुप्पट असते. शिवाय चावताना प्रौढ माणसाच्या दाढेवर पन्नास किलोग्रॅमहून अधिक भार येऊ शकतो. वर्षानुवर्षे चाललेल्या या ताणाने भरणाची कडा झिजते, दाताला बारीक भेगा पडतात आणि फटीत अन्नकण व जंतू साठून नवी कीड सुरू होते.

तथापि जुने झाले एवढ्याच कारणाने भरण काढू नये. कडा काळवंडली, रंग विटला, पृष्ठभागावर बारीक खाच पडली, ही कारणे पुरेशी नाहीत. पुष्कळदा कडा घासून गुळगुळीत करणे किंवा तेवढाच भाग दुरुस्त करणे भागते. अमलगममध्ये पारा असतो म्हणून सुस्थितीतील भरणही उपटून टाकावे, असा समज काही लोकांत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली गर्भवती स्त्रिया व लहान मुले इत्यादी गटांत नवे अमलगम शक्यतो टाळण्याची सूचना दिली. परंतु त्याच वेळी, वैद्यकीय गरज नसताना चांगले जुने भरण काढू नये असेही स्पष्ट केले. काढताना पाऱ्याची वाफ अधिक सुटते व निरोगी दातही थोडा खर्ची पडतो.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. प्रत्येक वेळी भरण काढले की पोकळी थोडी मोठी होते. छोट्या भरणाच्या जागी मोठे, मोठ्याच्या जागी टोपी, टोपीखाली कीड लागली की मुळांचा उपचार आणि अखेरीस दात उपटणे, अशी ही उतरंड आहे. ब्रिटनमधील दंतशास्त्रज्ञ रिचर्ड एल्डर्टन यांनी १९८० नंतरच्या दशकात या चक्राकडे आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष वेधले. भरण बदलण्याचा निर्णय म्हणजे या उतरंडीवरील एक पायरी उतरण्याचा निर्णय असतो. ती पायरी उतरणे अपरिहार्य आहे काय, आणि उतरलीच तर पुढची पायरी किती काळ टाळता येईल, हाच खरा प्रश्न होय.

एक उदाहरण

समजा, पंचेचाळीस वर्षांचे एक प्राथमिक शिक्षक दंतवैद्याकडे आले आहेत. त्यांच्या डाव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेत अठराव्या वर्षी घातलेले अमलगमचे मोठे भरण आहे. भाकरी चावताना, विशेषतः दात दाबून सोडताना, त्यांना क्षणभर तीव्र कळ येते. थंड पाण्याने दात शिवशिवतो, पण लगेच शांत होतो. रात्री ठणका नाही, सूज नाही.

क्ष-किरण चित्रात भरणाच्या मागल्या कडेखाली कीड दिसते. मुळांच्या टोकाशी हाड निरोगी आहे. भरण काढणे आवश्यक ठरते. दाढ बधिर करून तिच्याभोवती रबराचा पातळ पडदा ताणला जातो. ही युक्ती सॅनफर्ड बार्नम या अमेरिकन दंतवैद्याने १८६४ साली काढली व ती आजही उपयोगी आहे. तिच्यामुळे लाळ दूर राहते व धातूचे कण घशात जात नाहीत. मग भरपूर पाण्याचा फवारा व शोषक नळी यांच्या साहाय्याने भरणाचे तुकडे करून ते बाहेर काढले जाते.

आत दिसणारी पोकळी पेटीसारखी आहे. तिच्या भिंती सरळ, तळ सपाट व आतली रुंदी तोंडापेक्षा किंचित अधिक आहे. ही घडण किडीने केलेली नसून सत्तावीस वर्षांपूर्वीच्या दंतवैद्याने हेतुपूर्वक केलेली आहे. अमलगम दाताला चिकटत नाही; ते निसटू नये म्हणून आतून रुंद असा आकार कोरावा लागतो. शिकागो येथील ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कोरणीचे नियम घालून दिले. पुढे कीड लागू नये म्हणून निरोगी खाचांपर्यंतही पोकळी वाढवावी, असा त्यांचा उपदेश होता. त्या काळातील साधनांचा विचार करता तो सयुक्तिक होता, आणि असंख्य दाढा त्यामुळे वाचल्या. परंतु त्याची किंमत म्हणून आज या शिक्षकांच्या दाढेचे पुढचे व मागचे असे दोन्ही कंगोरे नाहीसे झालेले आहेत. पिंपाच्या दोन्ही पट्ट्या गेल्या आहेत.

कीड किती काढावी?

पुढील काम किडलेला भाग काढण्याचे. पूर्वी मऊ व रंगलेले दंतिन कणन्‌कण खरवडून काढण्याची रीत होती. त्यात पुष्कळदा मगज उघडा पडे. आता हा विचार बदलला आहे. पोकळीच्या कडेला, जेथे नवे भरण दातास चिकटून फट बंद करणार, तेथे दंतिन पूर्णपणे कठीण लागेपर्यंत साफ करतात. मगजाजवळच्या खोल भागात मात्र, तो उघडा पडण्याचा धोका असल्यास, थोडे मऊ दंतिन तसेच ठेवून त्यावर भरण घट्ट बंद करतात. अन्न तुटल्यामुळे तेथील जंतू निष्प्रभ होतात आणि मगजाला नवे दंतिन घालण्यास अवसर मिळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींत हीच पद्धत पुरस्कारिली आहे. कारण उघड आहे. मगज जिवंत ठेवणे ही दाढ टिकवण्याची पहिली अट होय.

चार प्रश्न

पोकळी स्वच्छ झाल्यावर, कोणता पदार्थ भरावा हे ठरवण्यापूर्वी, चार प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात.

पहिला प्रश्न, मगज जिवंत आहे काय? थंड केलेला कापसाचा बोळा दाढेस लावल्यावर क्षणभर कळ येऊन ती थांबली, तर मगज बहुधा निरोगी असतो. कळ बराच वेळ रेंगाळली, किंवा आपोआप ठणका लागत असला, तर मगज बरा होण्यापलीकडे गेला असण्याचा संभव असतो. ही परीक्षा दाढ बधिर करण्यापूर्वीच करावी लागते.

दुसरा प्रश्न, किती भिंती उरल्या व त्या किती जाड आहेत? सूक्ष्ममापकाने प्रत्येक उंचवट्याच्या बुडाशी जाडी मोजतात. साधारणतः दोन मिलिमीटरहून पातळ भिंत विश्वासार्ह मानीत नाहीत. ज्या उंचवट्यांवर चावण्याचा मुख्य भार येतो, त्यांची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असावी अशी अपेक्षा असते. खालच्या दाढेत हे भारवाही उंचवटे गालाकडील असतात, वरच्या दाढेत टाळूकडील.

तिसरा प्रश्न, भेग आहे काय? असल्यास ती उंचवट्याच्या बुडाशी थांबते, की तळावरून आडवी जाते, की मुळात उतरते? दाबून सोडताना येणारी कळ हे भेगेचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण आहे. १९६४ साली कॅमरून यांनी अशा भेगाळ दातांच्या लक्षणसमूहाला नाव दिले. सुपारी फोडण्याची किंवा झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर भेगेचा संशय अधिक बळावतो.

चौथा प्रश्न, पोकळीची खालची कडा कोठे आहे? ती हिरडीच्या वर, दंतवल्कावर असेल तर चिकटणारे भरण उत्तम बसते. ती हिरडीखाली खोल गेली असेल, तर जागा कोरडी ठेवणे अवघड होते व पुढे स्वच्छताही राहत नाही.

उरलेल्या भिंतींचे महत्त्व किती, हे अमेरिकेतील एका प्रयोगावरून ध्यानात येते. रीह, मेसर व डग्लस यांनी १९८९ साली काढलेल्या उपदाढांवर टप्प्याटप्प्याने कोरणी करून प्रत्येक टप्प्यास दाताचा ताठपणा किती घटतो हे मोजले. केवळ मुळांच्या उपचारासाठी पाडलेल्या छिद्राने तो सुमारे ५ टक्के घटला. वरच्या पृष्ठावरील पोकळीने सुमारे २० टक्के. दोन्ही बाजूंचे कंगोरे तोडणाऱ्या पोकळीने मात्र तो सुमारे ६३ टक्के घटला. म्हणजे दात दुर्बळ होतो तो मुख्यतः कंगोरे गेल्याने.

पोकळी लहान असेल तर

एक किंवा दोन्ही कंगोरे शाबूत आहेत, भिंती जाड आहेत, भेग नाही, अशा दाढेत नवे भरण घालणे हाच योग्य मार्ग. येथे दाताला चिकटणारे राळयुक्त भरण, म्हणजे कॉम्पोझिट, सध्या सर्वाधिक वापरले जाते. त्याचा पाया न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली घातला. फॉस्फोरिक आम्लाने दंतवल्क क्षणभर खरवडले, तर त्यात सूक्ष्म छिद्रे पडतात व द्रवरूप राळ त्यांत शिरून घट्ट पकड घेते, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर राफेल बोवेन यांनी काचेच्या भुकटीने बळकट केलेल्या राळेचे पेटंट १९६२ साली मिळवले.

या भरणासाठी पेटीसारखी कोरणी करावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोषही आहेत. निळ्या प्रकाशाने घट्ट होताना ते आकारमानाने दोन-तीन टक्के आकसते व भिंतींना आत ओढते. म्हणून ते सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी भरावे लागते. ओलावा त्याला मुळीच सहन होत नाही. घाईने, लाळेने भिजलेल्या पोकळीत घातलेले कॉम्पोझिट दिसावयास सुंदर असले तरी त्याची कडा लवकरच सुटते.

जागा कोरडी ठेवणे अशक्य असेल, तर ग्लास आयनोमर उपयोगी पडते. लंडनच्या शासकीय रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ते विकसित केले व १९७२ साली जगापुढे मांडले. ते थोड्या ओलाव्यातही दाताला चिकटते व त्यातून फ्लोराइड पाझरते. परंतु मोठ्या भारापुढे ते टिकाव धरीत नाही.

अमलगम स्वस्त, टिकाऊ व ओलाव्यास न जुमानणारे असल्यामुळे दीड शतकाहून अधिक काळ त्याने दाढांची सेवा केली. परंतु पाऱ्यामुळे पर्यावरणाची हानी होते. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली स्वीकारला गेला व २०१७ साली अमलात आला. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. या करारान्वये अमलगमचा उपयोग कमी करीत जावयाचा आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद वगळता, त्याचा वापर बंद केला.

भिंती पातळ असतील तर

शिक्षकांच्या दाढेचे मोजमाप केल्यावर गालाकडील भिंत साडेतीन मिलिमीटर भरली. जिभेकडील भिंत केवळ दीड मिलिमीटरची आहे आणि तिच्या मागल्या उंचवट्याच्या बुडाशी भेग दिसते. ती तळावर पसरलेली नाही. दोन्ही कंगोरे गेलेले आहेत. कडा हिरडीच्या वर आहे व मगज जिवंत आहे.

येथे पुन्हा साधे भरण घातले तर काय होईल? घास चावताना भरण पाचरीसारखे काम करील. दोन्ही भिंती बाहेर फाकतील. भेग वाढत जाईल आणि एक दिवस जिभेकडील भिंत, कदाचित मुळासह, फुटून निघेल. अशा दाढेला आतून भरण्याऐवजी वरून आच्छादून धरावे लागते. दंतशास्त्रात एक जुना ठोकताळा आहे: मधल्या खाचेपासून उंचवट्याच्या टोकापर्यंतच्या अंतरापैकी निम्म्याहून अधिक भाग पोकळीने व्यापला असेल, तर उंचवटा आच्छादण्याचा विचार करावा, दोन-तृतीयांशाहून अधिक व्यापला असेल, तर तो आच्छादावाच.

असे आच्छादन दोन प्रकारचे असते. उंचवट्यांची टोके दीड-दोन मिलिमीटर उतरवून, पोकळी व उंचवटे मिळून झाकणारा एकसंध तुकडा बसवतात, त्यास ऑनले म्हणतात. दाढेच्या चारही बाजू घासून तिच्यावर पूर्ण टोपी चढवतात, तो क्राउन. लोक त्यालाच कॅप म्हणतात. विल्यम टॅगार्ट या अमेरिकन दंतवैद्याने १९०७ साली मेणाच्या प्रतिकृतीवरून सोन्याचे नेमके ओतकाम करण्याची पद्धत मांडल्यापासून असे तुकडे प्रयोगशाळेत घडवणे सुलभ झाले. आता सोन्याबरोबरच लिथियम डायसिलिकेट व झिर्कोनिया यांसारखे बळकट चिनीमातीवर्गीय पदार्थ वापरले जातात. खर्च परवडत नसल्यास कॉम्पोझिटनेच उंचवटे झाकणेही शक्य असते.

‘मग सरळ कॅपच का बसवू नये?’ असा प्रश्न शिक्षकांनी विचारला, तर तो स्वाभाविकच आहे. कॅप मजबूत असते हे खरे. परंतु तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत पाहिली पाहिजे. एडेलहॉफ व सोरेन्सन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार, मागच्या दातांत इनले व ऑनलेसाठी दृश्य दाताच्या वजनाचा साधारण ५ ते २७ टक्के भाग कोरावा लागतो. पूर्ण टोपीसाठी हेच प्रमाण ६७ ते ७६ टक्क्यांपर्यंत जाते. गालाकडील साडेतीन मिलिमीटरची निरोगी भिंत टोपीसाठी चहूबाजूंनी घासून टाकणे म्हणजे वाड्याची एक भिंत कलली म्हणून उरलेल्या तीन भिंती तासण्यासारखे आहे. शिवाय जितके दंतिन अधिक घासावे, तितका मगजाला आघात अधिक.

म्हणून या दाढेसाठी ऑनले हा पर्याय सयुक्तिक ठरतो. दोन्ही कंगोरे गेले असल्याने व भेग असल्याने तो सर्व उंचवट्यांवरून घ्यावा. आधी खोलगट भाग भरून, तात्पुरते आच्छादन घालून काही आठवडे वाट पाहणे शहाणपणाचे. त्या अवधीत चावतानाची कळ थांबली, तर भेग आवळली गेली व मगज शांत झाला असे समजता येते. तरीही रुग्णास एक गोष्ट आधीच सांगावयास हवी. भेगाळ दाढांविषयी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जिवंत मगजाच्या ज्या दाढांवर टोप्या बसवल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एकपंचमांश दाढांना पुढे मुळांचा उपचार करावा लागला. आच्छादनाने धोका कमी होतो; तो पूर्णपणे टळत नाही.

पूर्ण टोपी केव्हा?

जेथे तीन-चार भिंती आधीच पातळ झाल्या आहेत, जुनी टोपीच बदलावयाची आहे, किंवा चिकटवण्यासाठी पुरेसे दंतवल्कच उरलेले नाही, तेथे टोपी योग्य होय. तिच्यासाठी एक अट असते: टोपीच्या काठाने दाताच्या निरोगी भागाला सभोवार दीड-दोन मिलिमीटर उंचीपर्यंत कवेत घ्यावयास हवे. एवढा दात हिरडीच्या वर उरला नसेल, तर टोपी निव्वळ भरणावर उभी राहते व लवकर सुटते किंवा मूळ मोडते.

मगज मृत झालेला असेल, तर प्रथम मुळांचा उपचार, म्हणजे रूट कॅनल, करावा लागतो. पुष्कळ रुग्ण ठणका थांबताच पुढील भेट टाळतात. हे धोक्याचे आहे. ॲक्विलिनो व कॅप्लन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुळांचा उपचार होऊनही टोपी न बसवलेले दात टोपी बसवलेल्या दातांच्या मानाने सहापट अधिक गतीने गमावले गेले असे आढळले. अशा दाढेला, तिचे कंगोरे गेले असतील तर, आच्छादन हवेच.

भेग मुळात खोल उतरली असेल किंवा दात हाडाच्या पातळीपर्यंत पोखरला असेल, तर कोणताही उपाय निष्फळ ठरतो. अशा वेळी दात काढणे हा पराभव नसून व्यवहार्य निर्णय असतो. मात्र तो पोकळी उघडून पाहिल्यावर घ्यावा, आधी नव्हे.

रुग्णाने काय विचारावे?

निर्णय दंतवैद्याच्या ज्ञानावर अवलंबून असला, तरी दाढ रुग्णाची असते. ‘माझ्या दाताचा किती भाग उरला आहे? भेग आहे काय? या उपायासाठी आणखी किती दात कोरावा लागेल? हा उपाय पुढे निकामी झाला, तर मागाहून कोणता मार्ग उरेल?’ हे प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. विशेषतः शेवटचा. भरणानंतर ऑनले करता येतो, ऑनलेनंतर टोपी चढवता येते. परंतु टोपीसाठी घासलेल्या दाढेला पुन्हा साध्या भरणाकडे परतता येत नाही. दोन उपाय सारखेच योग्य वाटत असतील, तर कमी दात खर्ची घालणारा निवडावा.

खर्चाचा प्रश्न आपल्या देशात गौण मानून चालणार नाही. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्ता येथे १९२० साली देशातील पहिले दंतवैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. त्यानंतर देशभर अशी महाविद्यालये निघाली, आणि त्यांच्या रुग्णालयांत खाजगी दवाखान्यांपेक्षा बरेचदा कमी खर्चात उपचार मिळतात. पैशाअभावी मोठे आच्छादन लगेच शक्य नसेल, तर कमकुवत उंचवटे उतरवून कॉम्पोझिटने झाकणे हा काही वर्षांचा आधार ठरू शकतो. पोकळी उघडी ठेवून वाट पाहणे मात्र कधीही परवडत नाही.

समारोप

नवे भरण घातल्यावरही काम संपत नाही. कीड लागण्यास कारणीभूत झालेली परिस्थिती, म्हणजे वारंवार गोड खाणे व दातांच्या फटीत साठणारे अन्न, कायम राहिली तर सर्वोत्तम ऑनलेखालीही कीड शिरेल. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे, दातांच्या फटी दोऱ्याने किंवा बारीक ब्रशाने साफ करणे आणि ठराविक काळाने तपासणी करून घेणे, ही त्या उपचाराचीच अंगे आहेत.

उदाहरणातील शिक्षक उद्या आपल्या वर्गात जातील. त्यांच्या समोर सहा-सात वर्षांची मुले बसलेली असतील आणि प्रत्येकाच्या जबड्यात, दुधाच्या दाढांच्या मागे, ती नवी दाढ नुकतीच आलेली असेल. तिच्या खाचा अजून स्वच्छ आहेत. त्या योग्य वेळी राळेच्या पातळ लेपाने बंद केल्या व मुलाला मागपर्यंत घासण्याची सवय लावली, तर त्यांपैकी पुष्कळ दाढांना भरणाची गरज कधीच पडणार नाही. स्वतःच्या दाढेसाठी शिक्षकांनी भोगलेली कळ आणि केलेला खर्च त्यांनी मुलांच्या पालकांना समजावून सांगितला, तर त्या एका जुन्या भरणाने अनेक दाढांचे कल्याण साधले असे म्हणता येईल.